एका जवानाचे दोन खेळ

भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले सुवर्णपदक कोणी मिळवून दिले, असा प्रश्न आमच्या परभणी जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत विचारला, तर अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८ असे उत्तर तत्परतेने येईल. ऑलिंपिकपुरते ते बिनचूक आहे. परंतु त्याच्या छत्तीस वर्षे आधी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या एका मराठी जवानाने जर्मनीत जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले होते, ही गोष्ट आम्हांलाही फार उशिरा कळली. त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर.

दोन खेळांत वरची पातळी गाठणारे खेळाडू जगात थोडेच. अमेरिकेचे जिम थॉर्प बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल हे दोन्ही खेळ व्यावसायिक म्हणून खेळले. पण एका खेळातून दुसऱ्यात जाताना त्यांचे शरीर तेच होते. पेटकरांच्या दोन खेळांच्या मध्ये मात्र एक युद्ध उभे आहे.

पेटकर लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी दलात होते. तेथे त्यांचा खेळ मुष्टियुद्ध. या दलाचे सिकंदराबाद येथील केंद्र म्हणजे परभणीहून पूर्णा, नांदेड करीत जाणाऱ्या आपल्याच लोहमार्गाचे शेवटचे टोक. त्या छावणीत हा मराठी मुलगा हातमोजे चढवून सराव करीत होता. ठोसा हाताने मारला जातो असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो पायांतून निघतो, कमरेतून वळतो आणि मग मुठीत येतो. मुष्टियोद्ध्याचे अर्धे कौशल्य त्याच्या पावलांत असते.

१९६५च्या भारत-पाक युद्धात पेटकरांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात रुतून राहिली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. तेथे पोहणे सुचविले गेले ते व्यायाम म्हणून, खेळ म्हणून नव्हे.

कण्याला इजा झालेल्यांसाठी खेळ हे औषध आहे, हा विचार इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी रुजविला होता. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले हे ज्यू वैद्य. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी त्यांनी सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली; त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. भारताचा चमू तेथे प्रथम गेला तो १९६८ साली, तेल अवीव येथे. त्यात पेटकर होते, पण टेबल टेनिसपटू म्हणून! पहिल्या फेरीपलीकडे त्यांची मजल फारशी गेली नाही. अपंगांसाठी झटणारे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य या प्रवासांत त्यांना लाभले.

१९७२ साली या स्पर्धा ऑलिंपिकबरोबर म्युनिकमध्ये व्हावयाच्या होत्या. परंतु तेथील क्रीडाग्रामाचे रूपांतर ऑलिंपिकनंतर खासगी घरांत व्हावयाचे होते, म्हणून त्या हायडेलबर्गला गेल्या. अपंग खेळाडूंना दुसरे गाव दाखविण्यास एवढे कारण पुरले, याची आम्हांस आजही खंत वाटते. ऑगस्टमध्ये तेथील तलावात पेटकरांनी आपल्या गटात पन्नास मीटर मुक्तशैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. हा जागतिक विक्रम होता. महिन्याभराने म्युनिकमध्ये मार्क स्पिट्झ यांनी शंभर मीटरचे सुवर्ण ५१.२२ सेकंदांत घेतले, म्हणजे पन्नास मीटरला सरासरी साडेपंचवीस सेकंदांहून थोडे अधिक. त्यांचे दोन्ही पाय पाणी मागे लोटीत होते; पेटकरांचे पाय पाण्यात केवळ ओझे होते आणि सारे काम दोन हातांचे होते. हा हिशेब घड्याळाचा आहे, सहानुभूतीचा नव्हे. त्याच स्पर्धेत भालाफेकीतही ते उतरले होते.

म्युनिकहून भारताच्या हाती हॉकीचे कांस्यपदक तेवढे आले. त्या वर्षीचे सुवर्ण हायडेलबर्गचे होते, आणि देशाने ते वेगळ्या वहीत मांडले. पॅरालिंपिकमधील पुढचे भारतीय सुवर्ण देवेंद्र झाझरिया यांनी आणले ते २००४ साली, बत्तीस वर्षांनी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची आठवण आपण १९५२च्या कांस्यपदकासाठी काढतो आणि ती काढलीच पाहिजे. पण त्याच कृष्णाकाठच्या मुलखातील हे सुवर्ण आपल्या जिभेवर का आले नाही?

पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कारासाठीची त्यांची विनंती मात्र १९८२ साली नाकारली गेली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कोठे घरोघर त्यांचे नाव झाले. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात अर्जुन जीवनगौरव पुरस्कार स्वीकारण्यासाठी ते कुबड्यांच्या आधाराने पुढे आले, तेव्हा हायडेलबर्गच्या त्या शर्यतीला बावन्न वर्षे उलटून गेली होती.