मत कोणाला आणि कोणाविरुद्ध? : कॅनडातील डाव्या मतदाराचा पेच



या शाळेच्या व्यासपीठावरून कॅनडातील निवडणुकांविषयी बोलावे, हे काहींना आडवळणाचे वाटेल. तो देश आपल्याला ठाऊक असतो तो बहुधा तेथे नोकरीसाठी गेलेल्या भाच्या-पुतण्यांमुळे. तथापि एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा आणि इतरांहून ज्याला एक मत अधिक तो विजयी, ही पद्धत कॅनडाने आणि आपण एकाच घरून, म्हणजे वेस्टमिन्स्टरहून, आणली आहे. त्यामुळे ‘मतविभागणी’ या शब्दाचा अर्थ मला येथे समजावून सांगावा लागणार नाही. कॅनडातील डाव्या विचारांचा मतदार या एका शब्दाशी जवळजवळ नव्वद वर्षे झुंजत आला आहे. त्याच्या झुंजीचा इतिहास हाच आजचा विषय.

हा मतदार कोण, ते प्रथम सांगतो. ओंटारिओतील मोटार कारखान्यातला कामगार, सस्कॅचेवनचा सहकारी धान्यसंस्थेतला गव्हाचा शेतकरी, ब्रिटिश कोलंबियातला लाकूडतोड्या, शहरातील शिक्षक, आणि चर्चमधील प्रवचनातून समाजवादाकडे वळलेला भाविक ख्रिस्ती. शेवटच्या नावाने दचकू नये. कॅनडातील समाजवादाचा बराचसा भाग बायबलमधूनच आला आहे. या मतदाराचा स्वतःचा असा एक पक्ष आहे. १९३२ साली कॅल्गरी येथे तो ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ या नावाने स्थापन झाला, १९३३ साली रिजायना येथे त्याने आपला जाहीरनामा मंजूर केला आणि १९६१ साली कामगार संघटनांशी हातमिळवणी करून त्याने ‘न्यू डेमॉक्रॅटिक पक्ष’ हे नाव घेतले. त्याच्या उजवीकडे लिबरल पक्ष आहे. हा पक्ष मुळात डावा नाही, परंतु अडचणीत सापडला की डाव्यांचा कार्यक्रम उचलण्यात त्याला संकोच वाटत नाही. त्याच्याही पलीकडे कॉन्झर्व्हेटिव्ह, ज्यांच्या इंग्लंडमधील भावंडांना आपली जुनी वृत्तपत्रे ‘हुजूर पक्ष’ म्हणत. पुढे ग्रीन पक्ष आला आणि क्वेबेकमध्ये ब्लॉक क्वेबेक्वा आला, तेव्हा निवड आणखी अवघड झाली. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला : ज्याच्यावर विश्वास आहे त्याला मत द्यायचे, की ज्याची भीती वाटते त्याला अडवू शकेल त्याला?

पक्ष जन्मण्याआधीच या कथेचा पहिला अध्याय घडला होता. ऑक्टोबर १९२५ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. कॉमन्स सभेत कामगारांच्या वतीने निवडून आलेले सभासद अवघे दोन : जे. एस. वुड्सवर्थ आणि ए. ए. हीप्स, दोघेही विनिपेगचे. वुड्सवर्थ हे पूर्वी मेथॉडिस्ट धर्मोपदेशक होते. १९१९ च्या विनिपेगमधील सार्वत्रिक संपात त्यांना राजद्रोही लेखनाच्या आरोपावरून अटक झाली होती. या दोघांनी जानेवारी १९२६ मध्ये लिबरल नेते मॅकेंझी किंग आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नेते आर्थर मीघन या दोघांनाही एकच पत्र पाठवले : बेकारांसाठी आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी आपण या अधिवेशनात काय करणार आहात? किंग यांना एकेका मताची गरज होती. त्यांनी निवृत्तिवेतनाचे वचन दिले. विधेयक कॉमन्समध्ये संमत झाले, सिनेटने ते फेटाळले, मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि १९२७ साली कायदा झाला. सत्तर वर्षांवरील गरजूंना दरमहा वीस डॉलरपर्यंत मदत, तीही उत्पन्नाची चौकशी करून. देशाच्या मूळ रहिवाशांना तर त्यातून वगळलेच होते. कायदा तोकडा होता, तरी कॅनडातील केंद्रीय समाजकल्याणाचा पाया येथेच पडला, आणि तो दोन मतांनी घातला, हे विसरता येत नाही.

पुढील काळातील डाव्या नेत्यांना या घटनेने एक धडा शिकवला आणि एक भ्रमही दिला. धडा असा की, सत्ता न मिळवताही कायदा मिळवता येतो. भ्रम असा की, त्या कायद्याचे श्रेय मिळवून देणाऱ्याच्या पदरात पडते. सप्टेंबर १९४३ मध्ये गॅलपच्या चाचणीत को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशनला २९ टक्के, तर दोन्ही जुन्या पक्षांना प्रत्येकी २८ टक्के पाठिंबा दिसला. पुढच्याच वर्षी टॉमी डग्लस यांनी सस्कॅचेवन प्रांतात ५२ पैकी ४७ जागा जिंकून सरकार बनवले. किंग सावध झाले. १९४४ साली त्यांनी कुटुंबभत्त्याचा कायदा केला, आणि १९४५ च्या निवडणुकीत डाव्या पक्षाला मिळाल्या २८ जागा. आपले विचार दुसऱ्याने अमलात आणले याचा आनंद मानावा की आपले दुकान लुटले गेले म्हणून हळहळावे, हे त्या पक्षाला आजतागायत ठरवता आलेले नाही.

वैद्यकीय विम्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. सस्कॅचेवनमध्ये १ जुलै १९६२ रोजी सार्वत्रिक वैद्यकीय विमा सुरू झाला आणि डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी केंद्रीय निवडणुकीत, नव्या पक्षाचे नेते म्हणून उभे असलेले डग्लस स्वतः रिजायनात पराभूत झाले होते. १९६६ साली लेस्टर पिअर्सन यांच्या अल्पमतातील लिबरल सरकारने ही योजना देशभर नेण्याचा कायदा केला. त्याची शिफारस करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष एमेट हॉल यांची नेमणूक एका कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानाने केली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

डाव्या मताची ताकद आणि तिची किंमत एकाच वेळी दिसते ती १९७२ ते १९७४ या दोन वर्षांत. ३० ऑक्टोबर १९७२ च्या निवडणुकीत पिएर ट्रूडो यांच्या लिबरल पक्षाला १०९ जागा मिळाल्या, कॉन्झर्व्हेटिव्हांना १०७ आणि डेव्हिड लुइस यांच्या न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाला ३१. सरकारी सवलतींवर गब्बर झालेल्या बड्या कंपन्यांना लुइस यांनी आयते खाणारे ऐदी म्हटले होते, आणि ते लोकांना पटले होते. दीड वर्ष त्यांनी ट्रूडो सरकार टिकवले. त्या काळात वृद्धांचे वेतन वाढले, परदेशी भांडवलाची छाननी करणारी यंत्रणा उभी राहिली, निवडणूक खर्चावर मर्यादा घालणारा कायदा झाला आणि राष्ट्रीय तेल कंपनीची घोषणा झाली. मे १९७४ मध्ये लुइस यांनी अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिले व सरकार पडले. जुलैच्या निवडणुकीत ट्रूडो यांना स्वच्छ बहुमत मिळाले. न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाची मते १७.७ टक्क्यांवरून १५.४ टक्क्यांवर आली, म्हणजे फारशी घटली नाहीत. पण जागा ३१ च्या १६ झाल्या आणि खुद्द लुइस आपली जागा गमावून बसले. दोन टक्क्यांच्या ओहोटीने निम्मे घर वाहून जाते, हा या पद्धतीचा गुणधर्म आहे.

याला एक विनोदी शेपूटही आहे. त्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह नेते रॉबर्ट स्टॅनफील्ड यांनी वेतन आणि किमती गोठवण्याचा उपाय सुचवला होता. ट्रूडो यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्या उपायाला भिऊन अनेक कामगार लिबरलांकडे वळले. ऑक्टोबर १९७५ मध्ये ट्रूडो यांनीच वेतन व किमतींवर नियंत्रणे लादली.

आता १९८८. डाव्या मतदाराच्या स्मृतीत सर्वांत खोल जखम याच निवडणुकीची आहे. ब्रायन मल्रोनी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार केला होता. लिबरल नेते जॉन टर्नर आणि न्यू डेमॉक्रॅटिक नेते एड ब्रॉडबेंट दोघेही त्याला विरोध करीत होते. टर्नर यांनी सिनेटमधील आपल्या बहुमताच्या जोरावर करार रोखून धरला आणि लोकांचा कौल मागितला. २१ नोव्हेंबरला कौल मिळाला तो असा : कॉन्झर्व्हेटिव्ह ४३ टक्के मते आणि २९५ पैकी १६९ जागा, लिबरल ३२ टक्के, ८३ जागा, न्यू डेमॉक्रॅटिक २० टक्के, ४३ जागा. कराराला विरोध करणाऱ्या दोन पक्षांना मिळून निम्म्याहून अधिक मते पडली, आणि १ जानेवारी १९८९ रोजी करार अमलात आला.

यावरून ‘एकोपा असता तर’ हा सूर निघणे स्वाभाविक होते. तो मला तितकासा मान्य नाही. बेरीज सोपी असते, कारण तीत माणसे नसतात. प्रांतवार आकडे पाहा. ब्रिटिश कोलंबियात ३२ पैकी १९ जागा न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाने जिंकल्या आणि लिबरलांना मिळाली एकच, ती टर्नर यांची स्वतःची. सस्कॅचेवनमध्ये १४ पैकी दहा न्यू डेमॉक्रॅटिक आणि लिबरल शून्य. म्हणजे करार रोखू इच्छिणाऱ्या पश्चिमेकडील मतदाराने देशभरचा वारा पाहून लिबरलांना मत दिले असते, तर त्याने करारवाद्यांच्याच जागा वाढवल्या असत्या. उलट अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत हीच गोष्ट नेमकी उलटी होती. तेथे न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाला एकही जागा मिळाली नाही. डावपेची मतदानाची खरी अडचण येथे आहे. भीती राष्ट्रीय असते. दूरचित्रवाणीवरचा वादविवाद राष्ट्रीय असतो, जनमतचाचणीचा आकडाही राष्ट्रीय असतो. मत मात्र आपल्या मतदारसंघातच मोजले जाते. जो मतदार एकाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत मांडतो, तो ज्याला रोखायचे त्यालाच मदत करून बसतो.

पक्षाची चूक नव्हती असे नाही. प्रचाराच्या आरंभी मुक्त व्यापार हा विषय ब्रॉडबेंट यांनी टर्नर यांच्या हाती जाऊ दिला, अशी टीका त्यांच्याच बाजूच्या कामगार नेत्यांनी केली. पाच वर्षांनंतर, १९९३ साली, पक्ष नऊ जागांवर आला. कॉमन्स सभेत मान्यताप्राप्त पक्ष ठरण्यासाठी बारा लागतात. पश्चिमेकडील त्याच्या अनेक जागा लिबरलांनी नव्हे, उजव्या रिफॉर्म पक्षाने घेतल्या. डाव्या पक्षाचा मतदार डाव्या पोथीतून घडतो, असे मानणाऱ्यांनी या निकालावर थोडा विचार करावा.

२००५ साली जॅक लेटन यांनी पॉल मार्टिन यांच्या अल्पमतातील सरकारकडून घरबांधणी, शिक्षण व पर्यावरणासाठी ४.६ अब्ज डॉलरची तरतूद मिळवली. विधेयकावर समसमान मते पडून सभापतींच्या मताने ते तरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेटन यांनी सरकार पाडण्यास हातभार लावला आणि जानेवारी २००६ च्या निवडणुकीत स्टीफन हार्पर विजयी झाले. मार्टिन यांनी प्रांतांशी केलेले बालसंगोपनाचे करार नव्या सरकारने गुंडाळले. लेटन यांच्या या मताबद्दल डाव्या घरांत पुढे अनेक वर्षे वाद झाले. मोटार कामगारांचे नेते बझ हारग्रोव्ह यांनी त्या निवडणुकीत उघडपणे डावपेची मतदानाचा पुरस्कार केला, आणि पक्षाने त्यांचे सभासदत्व काढून घेतले.

२०११ साली हार्पर यांना ३९.६ टक्के मतांवर पूर्ण बहुमत मिळाले. लेटन यांच्या पक्षाने १०३ जागा जिंकून प्रथमच विरोधी पक्षाचे स्थान मिळवले, पण लेटन त्याच ऑगस्टमध्ये वारले. चार वर्षांनी, २०१५ साली, त्यांचे वारसदार टॉम मल्केअर यांनी अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे वचन दिले, तर लिबरल नेते जस्टिन ट्रूडो यांनी तूट सोसूनही खर्च करण्याचे. डावा मतदार चक्रावला. शिवाय ट्रूडो यांनी एक मोलाचे आश्वासन दिले होते : ही जुन्या मतदानपद्धतीची शेवटची निवडणूक ठरेल. ज्या पेचाची ही सारी कथा आहे तो पेचच सुटणार होता. ट्रूडो ३९.५ टक्के मतांवर, म्हणजे हार्पर यांच्याइतक्याच मतांवर, पूर्ण बहुमताने निवडून आले. १ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांच्या सरकारने ते आश्वासन सोडून दिले. ज्या शिडीने वर चढलो ती बदलण्याची घाई कोणाला असते?

मार्च २०२२ मध्ये जगमीत सिंग यांनी ट्रूडो यांच्या अल्पमतातील सरकारला पाठिंबा देण्याचा लेखी करार केला. त्यातून अल्प उत्पन्न गटासाठी दंतचिकित्सेची योजना आली, औषधविम्याचा पहिला कायदा आला आणि केंद्राच्या अखत्यारीतील उद्योगांत संपकाळी बदली कामगार आणण्यास बंदी आली. १९२६ च्या पत्राचेच हे वंशज. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंग यांनी करार मोडला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रूडो यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले, आणि त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला एक्कावन्नावे राज्य म्हणू लागले व आयातशुल्काची तलवार उगारू लागले. १९८८ साली ज्या शेजाऱ्याशी करार नको म्हणून डाव्यांनी रान उठवले होते, त्याच शेजाऱ्याच्या भीतीने ते आता मार्क कार्नी यांच्याकडे वळले. कार्नी हे कॅनडा आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांचे माजी गव्हर्नर. समाजवादी मतदाराने बँकरचा आसरा घ्यावा, ही इतिहासाची थट्टा खरी. पण त्या मतदाराला हसण्याचे धाडस मी करणार नाही. देश राहील की नाही अशी शंका आली म्हणजे दंतचिकित्सेचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न मागे पडतो.

२८ एप्रिल २०२५ रोजी लिबरलांना ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या, कॉन्झर्व्हेटिव्हांना १४४. न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाची मते १७.८ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर आणि जागा २५ वरून ७ वर आल्या. सिंग स्वतः पराभूत झाले. आणि १९८८ चा हिशेब पुन्हा एकदा चुकीच्या वहीत मांडला गेला. मोटार कामगारांच्या विंडसर वेस्टमध्ये २००२ पासून हा पक्ष निवडून येत होता. ती जागा कॉन्झर्व्हेटिव्हांना गेली. व्हँकूव्हर बेटावरील नॅनायमो–लेडीस्मिथमध्ये लिबरल, न्यू डेमॉक्रॅटिक आणि ग्रीन यांच्यात मते वाटली गेली आणि सुमारे ३५ टक्क्यांवर कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार विजयी झाला. विनिपेगमधील एल्मवुड–ट्रान्सकोना ही जागा १९८८ पासून, एका कार्यकाळाचा अपवाद सोडता, डाव्यांकडे होती, तीही गेली. त्याच शहरातील विनिपेग सेंटर मात्र पक्षाने राखली. एक शतकापूर्वी, १९२१ साली, वुड्सवर्थ प्रथम संसदेत गेले ते याच नावाच्या मतदारसंघातून.