भाषेची झाडे लावणारा अभियंता : अरविंद जोशी



संगणकाला काम सांगावयाचे तर त्याला कळेल अशाच भाषेत सांगावे लागते. १९५७ साली फोर्ट्रान आली, तिच्यामागोमाग अल्गोल. या भाषा माणसाने मुद्दाम घडविल्या. त्यांचे नियम मोजके आणि काटेकोर. एखादा स्वल्पविराम चुकला, की यंत्र अडून बसलेच म्हणून समजा! आपली मराठी मात्र कोणी कागदावर आखून घडविलेली नाही. ती शेतात, बाजारात, माजघरात वाढली. मग अशी माणसांची भाषा यंत्राला उलगडून दाखवायची, तर नियम तरी किती आणि कसे लागतील? या एका प्रश्नापायी एका मराठी अभियंत्याने जवळजवळ साठ वर्षे वेचली. त्यांचे नाव अरविंद कृष्ण जोशी.

जोशी यांचा जन्म ५ ऑगस्ट १९२९ रोजी पुण्यास झाला. १९५० साली पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून ते अमेरिकेस गेले. तेथे आरसीए कंपनीत नोकरी करता करता फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण चालूच होते. १९६० साली ते डॉक्टर झाले आणि त्याच विद्यापीठात अध्यापक म्हणून राहिले.

एनियॅक हा प्रसिद्ध संगणक तयार झाला तो याच विद्यापीठात. तेथेच झेलिग हॅरिस नावाचे भाषापंडित होते. त्यांच्या हाताखाली १९५८-५९ साली जोशी व त्यांचे सहकारी यांनी युनिव्हॅक संगणकाकडून इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण करून घेतले. कर्ता कोणता, कर्म कोणते, हे शाळेत आपण फळ्यावर करतो ना, तेच काम! अशा प्रकारच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

आता त्यांचे मुख्य काम पाहू. संगणकी भाषांचे नियम बहुधा भाकरीच्या दुरडीसारखे चालतात. शेवटी ठेवलेली भाकरी आधी हाती येते, तसे शेवटी उघडलेला कंस आधी मिटवायचा. माणसांच्या पुष्कळशा वाक्यांनाही एवढे पुरते. पण सगळ्यांना नाही. स्विस जर्मन बोलीत नामे एकामागून एक येतात आणि त्यांची क्रियापदे त्याच क्रमाने मागून येतात. पहिल्याला पहिले, दुसऱ्याला दुसरे. तेथे दुरडीचा हिशेब चुकतो. बरे, नियम फारच सैल केले, तर वाक्य उलगडता उलगडता यंत्र दमून जाते.

जोशी यांनी मधली वाट काढली. १९७५ साली लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह त्यांनी नवे व्याकरण मांडले. त्यात नियमांऐवजी छोटी झाडे असतात. ‘रामूने बैल विकला’ हे एक झाड. त्याची फांदी मध्येच कापून ‘काल बाजारात’ हा तुकडा बसवायचा. कापलेला भाग तुकड्याच्या पायाशी पुन्हा जोडायचा. ‘रामूने काल बाजारात बैल विकला.’ मध्ये कितीही भर घाला, ‘रामूने’ आणि ‘विकला’ यांचे नाते मूळ झाडातच पक्के असते. कलम बांधणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. यंत्रालाही हे काम आवाक्यातले राहते.

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. १९८२ साली जोशी यांनी मराठी-इंग्रजी मिसळून बोलण्यावर निबंध लिहिला. आपण ‘टेबलवर ठेव’ म्हणतो. ‘ऑन टेबल ठेव’ असे कोणी म्हणत नाही. ‘फॉर्म सबमिट करतो’ म्हणतो; ‘सबमिटतो’ म्हणत नाही. म्हणजे नाम, क्रिया यांचे शब्द पाहुणे म्हणून येतात; पण वाक्याची चौकट, प्रत्यय आणि ‘करतो’सारखी साह्यक क्रियापदे मराठीच राहतात. वरवर गबाळ्या वाटणाऱ्या बोलण्यालाही नियम आहेत, आणि ते न शिकविता प्रत्येक मूल पाळते! मुलाच्या बोलीला हसण्यापूर्वी हा नियम त्यालाच शोधावयास लावला, तर व्याकरणाचा तास कंटाळवाणा होणार नाही.

जोशी यांना मान पुष्कळ मिळाले. संगणकीय भाषाशास्त्राच्या जागतिक संघटनेने २००२ साली जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो प्रथम त्यांनाच दिला. २००५ साली फ्रँकलिन पदक मिळाले. ३१ डिसेंबर २०१७ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज खेड्यातला माणूसही फोनशी मराठीत बोलतो. आताची यंत्रे बरेचसे लाखो वाक्ये वाचून शिकतात, हे खरे. पण जी भाषा लिहिली जाते, तीच त्यांना वाचावयास मिळते. आपल्या गावची बोली, म्हणी, शेतीचे शब्द वहीत उतरले नाहीत, तर यंत्राला ते कळणार कोठून? ते काम अमेरिकेतला कोणी पंडित करणार नाही. ते गुरुजींचे आणि त्यांच्या मुलांचे आहे.