पत्रोत्तरी बुद्धिबळातील बरोबरी व ‘स्कॉच’ डावारंभाचे नामकरण

बुद्धिबळाच्या डावारंभांना पडलेली नावे त्यांच्या उत्पत्तीचा पुरावा म्हणून स्वीकारता येतील काय? लंडन व एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळांत १८२४ ते १८२८ या काळात पत्रांद्वारे झालेला सामना या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पाच डावांपैकी दोन एडिंबरोने व एक लंडनने जिंकला; उरलेले दोन बरोबरीत सुटले.

ज्या डावारंभाला या सामन्यावरून ‘स्कॉच’ हे नाव मिळाले, त्यात दोन्ही बाजूंची राजापुढील प्यादी दोन घरे पुढे येतात. मग पांढरा राजाकडील व काळा वजिराकडील घोडा बाहेर काढतो. तिसऱ्याच खेळीत पांढरा वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवून पटाच्या मध्यभागी संघर्ष उभा करतो.

ही कल्पना स्कॉटलंडची नव्हे. मोडेना येथील एर्कोले देल रिओ याच्या १७५० मधील ग्रंथात तिचा उल्लेख आहे. प्रस्तुत सामन्यातही ती प्रथम लंडनने, जॉन कॉक्रेन याच्या सल्ल्यावरून, दुसऱ्या डावात योजिली. कॉक्रेन मध्येच हिंदुस्थानात निघून गेला आणि लंडनने तो डाव गमावला. एडिंबरोने मात्र प्रतिपक्षाचे हे शस्त्र उचलले व पाचवा डाव त्याच बळावर जिंकला. नाव जेत्याच्या देशाचे पडले.

या नामकरणात बरोबरीच्या डावांना स्थान उरले नाही. वस्तुतः पत्रोत्तरी खेळात घाईची सबब चालत नाही. प्रत्येक खेळी मंडळाच्या विचारविनिमयातून ठरते व लेखी नोंदली जाते. त्यामुळे अशा डावातील बरोबरी ही बहुधा निर्णयाचा अभाव नसून, दोन्ही पक्षांनी दीर्घ विचाराने त्या स्थितीविषयी दिलेला निर्णयच असते. विजय पुष्कळदा एका चुकीची साक्ष देतो. बरोबरी त्या स्थितीच्या समतोलाची.

पुढे १९९० च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात गॅरी कास्पारोव्हने अनातोली कार्पोव्हविरुद्ध हाच डावारंभ पुन्हा योजिला. चौदावा डाव बरोबरीत सुटला, सोळावा कास्पारोव्हने जिंकला. हा समोरासमोर झालेला सामना होता. तथापि डावारंभाचे मोल ठरविताना दोहोंचाही विचार करावा लागतो.

सारांश, ‘स्कॉच’ हे नाव उत्पत्ती सांगत नाही, यश सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाने नावाबरोबरच, ज्यांना नाव लाभले नाही अशा डावांच्या नोंदीही तितक्याच काळजीने वाचणे अगत्याचे आहे.