डोंगरी, डांगरी आणि आमची पहिली जीन्स

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. "आजी, तू म्हणे आईची जीन्स घरी शिवली होतीस? मलापण शिवायचीय. शिकवशील?" म्हटलं, शिकवीन की! पण फोन ठेवल्यावर डोक्यात जे सुरू झालं ते नुसतं शिवणकामाचं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले. घरच्या मंडळींना यातलं बरंचसं ठाऊक आहे, काही चुकलं तर त्यांनी सांगावं.

गोष्ट १९९६ ची. लेक अकरावीत गेली आणि तिला जीन्स हवी झाली. नावाजलेल्या कंपनीची जीन्स आमच्या दोघांच्या पगारात बसणारी नव्हती. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, अहमदाबादच्या अरविंद मिलने 'रफ अँड टफ' नावाचं एक पाकीट बाजारात आणलं होतं. त्यात जीन्सचं कापड, चेन, बटण, रिव्हेटा आणि मागे लावायचा बिल्ला असं सगळं. शिवायचं मात्र आपण, म्हणजे आपल्या शिंप्याने. मला ही कल्पना तेव्हाही फार हुशारीची वाटली होती. गावोगावी शिंपी आहेतच, मग तयार कपडा कशाला विकायचा? आमचा शिंपी मात्र म्हणाला, "बाई, एवढ्या जाड कापडाने माझी मशीन बसेल." मग मीच उषाचं पायमशीन पुढे ओढलं.

आता थोडं मागे जाते. जीन्स म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण तिची गोष्ट सुरू होते ती एका शिंप्यापासून. नेवाडा राज्यात रीनो नावाच्या गावी जेकब डेव्हिस हा रिगाकडून आलेला शिंपी तंबू, घोड्यांच्या झुली असलं जाडंभरडं काम करायचा. १८७० च्या अखेरीस एक बाई आली. तिचा नवरा लाकूडतोड्या, त्याच्या विजारी टिकत नसत. तिने मजबूत विजार मागितली. डेव्हिसने तीन डॉलर घेतले आणि झुलींना ठोकायच्या तांब्याच्या रिव्हेटा खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या. विजार फाटायची ती तिथेच! बघता बघता मागणी वाढली. पेटंट घ्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते, म्हणून त्याने १८७२ मध्ये आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला, सॅन फ्रान्सिस्कोच्या लेवी स्ट्रॉसला पत्र घातलं. २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळालं. नाव झालं व्यापाऱ्याचं. शिंप्याला कोण विचारतो? आणि विजार मागणाऱ्या त्या बाईचं तर बोलायलाच नको.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो दुसरा धागा. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथे विकलं जाणारं जाड सुती कापड सतराव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांच्या नजरेत भरलं, आणि कापडाला जागेचं नाव चिकटलं. पुढे त्या कापडाचे कामकऱ्यांचे कपडे झाले आणि कपड्यांनाही तेच नाव पडलं. मी मराठीची विद्यार्थिनी, त्यामुळे मला डोंगरी ठाऊक होती ती आगरकरांच्या पुस्तकातून. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी तिथल्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ती डोंगरी. त्याच डोंगरीचं नाव साहेबाच्या देशात जाऊन, कामकऱ्याच्या अंगावर चढून, परत आमच्या घरात 'डांगरी' होऊन आलं होतं, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली!

आमच्या घरात म्हणजे अण्णांच्या अंगावर. माझे वडील परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निळी डांगरी, तिला तेलाचा वास. आई ती बाकीच्या कपड्यांत कधी मिसळत नसे, वेगळ्या बादलीत सोडा घालून भिजवायची. चाळीच्या गॅलरीत ती वाळत घातली की मला नको व्हायचं. शाळेत वडील काय करतात विचारलं की मी "नोकरी" एवढंच सांगायची. सातवीत असताना एकदा अण्णा पहिल्या पाळीवरून परस्पर माझ्या शाळेत आले, डांगरीतच. मी घरी आल्यावर त्यांना म्हटलं, "शाळेत असे येत जाऊ नका." ते काही बोलले नाहीत. परत कधी आलेही नाहीत. असो.

तर शिवणकाम. नातीसाठी सविस्तर लिहिते. कापड आधी भिजवून, वाळवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात चार बोटं आटतं. रंगही जातो. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. आडवा धागा तीन उभ्यांच्या खालून आणि एकाच्या वरून जातो, म्हणून कापड वरून निळं आणि आतून पांढरट दिसतं. नीळही धाग्याच्या वरवरच बसते, गाभा पांढरा राहतो. म्हणून तर गुडघे पांढरे पडतात. (ही नीळ आता कारखान्यातली. जर्मनांनी १८९७ पासून ती विकायला काढली, आपल्याकडच्या झाडाच्या निळीचा भाव पडला, आणि पुढे १९१७ मध्ये गांधीजींना चंपारणला जावं लागलं, त्यामागे हेही एक कारण होतं.)

सुई सोळा नंबरची घे, जाड कापडाला अठरा. मी नेहमीच्या सुईने सुरुवात केली आणि दोन मोडल्या. पायाची आतली शिवण साधी चालत नाही. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि वरून दोन टिपा मारायच्या. हे सगळं दोन पायांच्या मध्ये, जिथे चार शिवणी भेटतात, तिथे इतकं जाड होतं की मशीन हूं का चूं करत नाही. मी रडकुंडीला आले.

अण्णा तेव्हा आमच्याकडेच असायचे, शहात्तर वर्षांचे. बराच वेळ बघत होते. मग उठून जवळ आले, कापड हातात घेतलं, उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"काय ग, डांगरी कोणाची शिवतेस?"

मी सांगितलं, नातीची. कॉलेजला घालायला.

"कॉलेजला?" ते हसले. मग म्हणाले, "हातोडी आण."

पाट्यावर शिवण ठेवून त्यांनी ती ठोकली. जोरात नाही, फिटरच्या हाताने, एकसारखी. जाडी निम्मी झाली. "आता पाय मारू नकोस. चाक हाताने फिरव, एकेक टाका घे." तसं केलं आणि सुई पार झाली. रिव्हेटा तर त्यांनी मला ठोकूच दिल्या नाहीत. सगळ्या स्वतः बसवल्या. पुढच्या मोठ्या खिशातला लहान खिसा कशाला, असं त्यांनी विचारलं. तो साखळीच्या घड्याळासाठी असायचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, फॅशन असेल. तर म्हणाले, "आम्हाला असता तर चुन्याची डबी राहिली असती."

तीन रविवार लागले. दुसऱ्या दिवशी वर्गात माझी नखं निळी होती. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हात कशाने निळे झाले?" मी तिला सांगितलं. अण्णांचंही सांगितलं, कारखान्याचं आणि डांगरीचं. तास कवितेचा होता, तो राहिला.

जीन्सचा डावा पाय धुतल्यावर पिळवटला, शिवण पुढे आली. मी वर्षानुवर्षं समजत होते की कापताना माझीच चूक झाली. तिरप्या विणीचं कापड धुतल्यावर तसं पिळतंच, हे मागाहून कळलं. लेकीने ती पिळवटलेलीच तीन वर्षं वापरली.

नात दिवाळीत येणार आहे. अठरा नंबरच्या सुया आणून ठेवल्यात. हातोडी अण्णांचीच आहे, माळ्यावरून काढायला हवी.