शब्दांतले साल, दंडांतले आणे

वडगाव मावळ येथे जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांच्या वेढ्यात सापडून जो तह झाला, त्या वर्षाचे मराठी कागद 'सन तिसा सबैन मया व अलफ' असे साल शब्दांत सांगतात. हे अरबी संख्यावाचकांचे कारकुनी रूप असून एकक आधी व सहस्र शेवटी अशा क्रमाने ९, ७०, १०० आणि १००० मिळून ११७९ होतात. हा शुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्राबरोबर बदलणारे वर्ष. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून तहाचे वर्ष १७७९ ठरते.

रकमांचे वाचन याहून नाजूक आहे. मोडी हिशेबात अंकापुढील उभा दंड चार आण्यांचा व आडवी रेघ एका आण्याची, त्यामुळे '७॥=' म्हणजे सात रुपये दहा आणे; परंतु तोच जोडदंड 'रा॥', 'ता॥' अशा रूपांत अक्षरापुढे आला की केवळ शब्द आखडल्याची खूण ठरतो, आणि 'छ' या अक्षरापुढचा अंक रक्कम नसून चांद्रमासाची तारीख असते. खुणेचा अर्थ तिच्या शेजाऱ्यावरून ठरवण्याची ही शिस्त खरोखर थोर होती.

रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातील चिन्हांचा अपेक्षित क्रम सांगणारा साचा, याच शिस्तीवर उभे आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात त्याचे गणित मांडले आणि केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये त्याला संगणकावरील मजकूर-शोधाशी जोडले. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर हाती असल्यास 'अंकानंतर दंड' हा साचा रकमा वेचतो, 'छ नंतर अंक' हा तारखा वेगळ्या काढतो. बेरीज मात्र साचा करीत नाही, ती वेचलेल्या आकड्यांवर स्वतंत्रपणे करावी लागते.

शुहूर सनाची खरी अडचण त्यापुढे आहे. वर्ष सौर व महिने चांद्र असल्याने, चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडून मृगाच्या आसपासच्या काही तारखा एकाच सनात दोनदा येतात. तेव्हा साल आणि महिना बिनचूक वेचूनही दिवस निश्चित होत नाही, आणि कागदावर वार लिहिलेला असेल तरच जंत्रीशी ताडून दोहोंपैकी एक निवडता येतो.