कार्ड घेताना कागद बघा

शेतकरी बंधूंनो, मोटारीचं सामान घ्यायला पुण्यात तपकीर गल्लीत तुमचं जाणं होतंच. ही गल्ली बुधवार पेठेत. याच पेठेत दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा होता. पेशवाईनंतर त्यात सरकारी कामकाज चाले. १८७९ च्या मे महिन्यात तो जळाला. त्याच साली दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

कायद्याचं मूळ मात्र पेठेत नव्हे, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकानं फोडली, गहाणखतं नि वह्या हिसकावून जाळल्या. जिवावर सहसा कुणी उठलं नाही. राग होता तो कागदावर. मजकूर वाचता येत नव्हता, अंगठा मात्र उमटलेला! म्हणून कायद्यानं ठरवलं, कर्जखत गावच्या निबंधकापुढं नोंदवायचं, वसुलीची पावती द्यायची, खातेपुस्तकही द्यायचं.

आता १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आहे. अर्जाला सातबारा, आठ-अ, आधार नि फोटो लागतो. सोसायटीतून घ्या नाहीतर बँकेतून, जिथं जाणं-येणं सोपं तिथून. पण एकाच पिकावर दोन्हीकडून नको. कर्जाची हद्द जमीन नि पीक बघून ठरते. सही करण्याआधी साहेबांना विचारा, परतफेडीची तारीख कोणती? ती चुकली, तर व्याजातली सवलत जाते. पीकविम्याचा हप्ता कापणार असतील, तर कुठल्या पिकाचा तेही विचारा. अन् मंजुरीच्या कागदाची एक प्रत घरी आणा.