उल्हासच्या मुखाशी, १५७०

वांगणीचं स्टेशन, रूळ, लोकल सारं मनातून पुसून टाका. साल १५७०. तुम्ही बैलगाडीने कल्याणच्या बंदरात पोचता आणि ओहोटी लागताच होडीत बसता. वांगणीच्या शिवारालगत वाहणारी उल्हास आता रुंद खाडी झाली आहे. डाव्या हाताला साष्टीची हिरवी टेकाडं. शेवटी समुद्राच्या तोंडाशी, उजव्या हाताला, वसई.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढे तीनच वर्षांत त्यांच्या तिसऱ्या जुआंव राजाने लिस्बनचं विद्यापीठ कायमचं कोइंब्राला हलवलं. तिथे १५४२ साली जेझुइट या ख्रिस्ती पंथाचं कॉलेज उभं राहिलं, आणि त्याच पंथाचे पाद्री त्या दशकाअखेर वसईत आले. कोइंब्रात चालणारी विद्या इथल्या वाळूवर येऊन ठेपली, ती अशी.

किनाऱ्यावर उतरा. सागवानाच्या ओंडक्यांचे ढीग, सुकत घातलेली मासळी, दगडावर चालणारी छिन्नी. रस्त्याने पुढे गेलात की मुलांच्या घोकंपट्टीचा आवाज येतो. जेझुइटांच्या शाळेत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा शिकतो आहे, गोन्सालो गार्सिया. आई वसईची, वडील पोर्तुगीज. लवकरच तो आपल्या गुरूंबरोबर जपानला निघेल, तिथली भाषा आपलीशी करेल, व्यापार करेल, फ्रान्सिस्कन संघात जाईल आणि मिशनऱ्यांचा दुभाषा होईल. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर चढवतील. १८६२ साली रोमने संतपद दिलेला भारतात जन्मलेला पहिला माणूस तोच.

या शहराची दुसरी बाजूही पाहा. विद्येबरोबर सक्तीही आली. देवळं पाडली गेली, माणसांवर धर्म बदलण्याचा दबाव आला. त्या शाळेत शिकलेल्यांचं कर्तृत्व आणि त्या सत्तेखाली भरडलेल्यांचं दुःख, दोन्ही याच मातीतलं आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तो विजय आपण शाळेपासून अभिमानाने वाचत आलो. त्याच कोटाच्या आत मुलं अक्षरं गिरवत होती, हे मात्र फार कमी जणांनी सांगितलं. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत आजही उभी आहे. वांगणीहून निघा, दिव्याला गाडी बदला, वसई रोडला उतरा, किल्ल्यात जा. जाताना मुलांना सोबत घ्या आणि गोन्सालोच्या नावाचं वसईतलं महाविद्यालयही दाखवा. इथून शिकून माणूस जपानपर्यंत पोचला होता, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या.